बंबात पाणी नव्हे, रॉकेल!

बालमित्रांनो, घंटा घणघणत अग्निशामक दलाचा बंब आला की कसं हायसं वाटतं ना? आता आग विझणार! पण समजा, त्या बंबातून पाण्याऐवजी रॉकेलचा फवारा उडाला तर? आणि जवानांनी घरातली पुस्तकं शोधून शोधून पेटवली तर?

असं भलतंच जग अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांनी 'फॅरनहाइट ४५१' या विज्ञान कादंबरीत उभं केलं. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. कागद पेट घेतो ते तापमान म्हणून हे नाव. सेल्सिअसमध्ये सुमारे २३३ अंश!

ब्रॅडबरी कॉलेजात गेलेच नाहीत. ते शिकले वाचनालयात. या कथेचा पहिला खर्डाही त्यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ-ग्रंथालयाच्या तळघरात लिहिला. अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टाइपरायटरवर, अवघ्या नऊ दिवसांत!

गोष्टीतल्या घरांना आग लागतच नाही. मग जवानांना काम काय? पुस्तकं जाळणं! मॉन्टॅग हा असाच एक जवान. शेजारची क्लॅरिस त्याला सहज विचारते, की तू सुखी आहेस का? तो हसण्यावारी नेतो, पण प्रश्न काही पाठ सोडत नाही. घरी बायकोच्या तीन भिंती टीव्हीनं व्यापलेल्या. तिला चौथीही हवीय. रात्री कानात इवलासा रेडिओ. एकमेकांशी बोलायचं कधी? हे लिहिलं तेव्हा अमेरिकेत टीव्ही नुकताच घरोघरी येत होता बरं का!

मग सरकारनं पुस्तकं बंद केली म्हणून हे सगळं झालं? छे! मॉन्टॅगचा साहेब सांगतो, आधी लोकांनीच वाचणं सोडलं. जाड पुस्तकांचे सारांश झाले, सारांशाच्या चार ओळी झाल्या. आग आली ती मागाहून.

हे वाचून मी वरमले. परीक्षा जवळ आली की मीच वर्गात म्हणते, "धडा राहू दे, प्रश्नोत्तरं पाठ करा!"

शेवटी मॉन्टॅग शहरातून पळतो. रुळांच्या कडेनं जाताना त्याला काही माणसं भेटतात. प्रत्येकाला एकेक पुस्तक तोंडपाठ! पुस्तक जाळता येईल, पण डोक्यातलं कसं जाळणार?

माझ्या चौथीच्या मुलांना मी विचारलं, "तुम्ही कोणतं पुस्तक व्हाल?" मागच्या बाकावरचा एकजण चाचरत म्हणाला, "बाई, मला आजीची गोष्ट पाठ आहे. पण ती पुस्तकात नाहीये. चालेल?"

"चालेल काय, पळेल! फक्त आजच लिहून काढ."

मोठ्या वर्गातल्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी. आईबाबांनीही वाचावी आणि लहानग्यांना गोष्ट सांगावी, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून!

आणि हो, तुम्ही कोणतं पुस्तक व्हाल?