विद्युत् दरनियमन

विद्युत् दरनियमन : सार्वजनिक वापरासाठी पुरविलेल्या विजेचे मूल्य कायद्याने नेमलेल्या अधिकारसंस्थेने ठरवून देण्याची पद्धती. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या तारा टाकणे खर्चाच्या दृष्टीने अपव्ययाचे असल्याने वीज वितरणाचा व्यवसाय मक्तेदारीकडे झुकतो. ग्राहकाला दुसऱ्या पुरवठादाराकडे जाण्याची सोय नसते. त्यामुळे दरांवर नियंत्रण आवश्यक ठरते.

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. परंतु जनित्रे व तारा कमाल मागणीस पुरतील एवढ्या उभाराव्या लागतात. ग्राहकाने एकही युनिट वापरले नाही, तरी हा खर्च टळत नाही. ब्रिटिश अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये याच कारणासाठी दराचे मागणीनुसार व वापरानुसार असे दोन भाग करण्याचे तत्त्व मांडले. महाराष्ट्रातील वीजबिलात स्थिर आकार व वीज आकार वेगळे दाखविलेले असतात, ते याच तत्त्वाला अनुसरून. वहन आकार तारांच्या वापराबद्दल असतो. वीज शुल्क मात्र दराचा भाग नसून राज्य शासनाचा कर आहे.

भारतात १९४८ च्या विद्युत् (पुरवठा) अधिनियमान्वये राज्य विद्युत् मंडळे स्थापन झाली. दर तीच ठरवीत. व्यवहारात शासनाचा कल निर्णायक असे. १९९८ च्या अधिनियमाने हा अधिकार स्वतंत्र आयोगांकडे देण्याची तरतूद झाली व १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग अस्तित्वात आला. २००३ च्या विद्युत् अधिनियमानुसार वितरण कंपनी आपल्या महसुली गरजेचा प्रस्ताव आयोगापुढे ठेवते. लोकांच्या हरकती विचारात घेऊन आयोग आदेश देतो. अवाजवी ठरलेला खर्च ग्राहकांकडून वसूल करता येत नाही.

या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे भार कोणी उचलावा हा होय. दूरवर विखुरलेल्या कृषिपंपांना वीज पोहोचविण्याचा खर्च अधिक, दर मात्र कमी. ही तूट उद्योग व वाणिज्य वर्गांच्या चढ्या दरांतून भरून काढली जाते. यास क्रॉस सबसिडी म्हणतात. शासनाला आणखी सवलत द्यावयाची असल्यास तिची रक्कम आगाऊ भरावी, असे कायदा सांगतो. पंपाला मीटर नसेल, तर आकारणी अश्वशक्तीवर होते आणि वापराचा केवळ अंदाज करता येतो. गळती व चोरी त्या अंदाजात सहज दडतात.

मोठ्या ग्राहकांना अन्यत्र वीज खरेदी करण्याची मुभा, म्हणजे मुक्त प्रवेश, मिळाल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. मुंबईत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये टाटा पॉवर कंपनीचा किरकोळ ग्राहकांना वीज पुरविण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर उपनगरांतील अनेक ग्राहक रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेऊ लागले. वहन आकार तारांच्या मालकाला मिळत राहिला. अधिक दर देणारे ग्राहक निघून गेल्यास उरलेल्यांवरील बोजा वाढतो, म्हणून जाणाऱ्यांवर अधिभार बसविला जातो. तो जबर असल्यास मुक्त प्रवेश नावापुरता राहतो. अल्प असल्यास तूट लहान ग्राहकांवर येते. २००३ च्या अधिनियमाने मुक्त प्रवेशाची तरतूद १ मेगावॉटहून अधिक मागणीच्या ग्राहकांसाठी केली होती; २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित ऊर्जेपुरती ही मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली.