रक्तासोबत कॅल्शियमही हवं

मोहफुलांचा हंगाम लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत बायामाणसं भल्या पहाटे टोपल्या घेऊन जंगलात शिरतात. मागोमाग तेंदूपत्ता येतो. वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघ नाहीतर अस्वल केव्हा झडप घालेल याचा नेम नसतो. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल पट्ट्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. जखमी माणूस जिवंत हाती लागला, तरी पुढची लढाई रक्ताची असते.

अंगातलं बरंच रक्त गेलं की नाडी जलद आणि बारीक होते, हातपाय गार पडतात, माणूस बरळू लागतो. डॉक्टर याला 'शॉक' म्हणतात. बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बाईचीही हीच गत. अशा वेळी 'रक्त चढवलं की झालं' असं आपण समजतो. पण त्यात एक मेख आहे.

रक्तदानाच्या ३५० मि.ली.च्या पिशवीत ४९ मि.ली. द्रावण आधीच भरलेलं असतं. त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून पिशवीत रक्त गोठत नाही. एखाददुसरी पिशवी चढली तर यकृत सायट्रेट निस्तरतं. शॉकमध्ये मात्र यकृतालाच रक्त पुरत नाही. पिशव्या भराभर गेल्या की अंगातलं कॅल्शियम घसरतं.

कॅल्शियम म्हणजे नुसतं हाडांचं टॉनिक नव्हे, वाचकहो! १८८३ च्या सुमारास लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत होते. मिठाचं द्रावण नळाच्या पाण्यात केलं तर हृदय धडधडत राही. शुद्ध पाण्यात केलं की थंडावे. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हेच त्याचं कारण निघालं. दवाखान्यात टांगलेल्या 'रिंगर लॅक्टेट'च्या बाटलीवर याच रिंगरचं नाव असतं. तर इकडे रक्त चढतंय आणि तिकडे पंपच ढिला, अशी गत होते. शिवाय जखमेतलं रक्त गोठायलाही कॅल्शियमच लागतं.

उपाय तसा स्वस्त आहे: कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन. ते शिरेतून सावकाश द्यायचं, तेही रक्ताच्या नळीतून नव्हे, नाहीतर नळीतच गुठळ्या होतात. जास्त झालं तर हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून हे काम डॉक्टरचंच. घरी गोळ्या चारून काही साधत नाही. कॅल्शियम घसरलेले रुग्ण अधिक दगावतात असं पाहण्यात आलं आहे. सगळ्यांनाच ते आधीपासून द्यावं का, यावर मात्र अजून खल चालू आहे. पण पिशवीवर पिशवी चढत असेल तर 'डॉक्टरसाहेब, कॅल्शियम तपासलं का?' असं विचारायला नातेवाइकांनी भिऊ नये.

सिरोंचाहून गडचिरोली जवळपास दोनशे किलोमीटर. तोवर गावकऱ्यांच्या हाती एवढंच: जखमेवर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा, सारखी उचलून पाहू नका, माणसाला आडवं निजवून घोंगडी पांघरा, आणि १०८ ला फोन लावा.