की-बोर्ड घेताना आवाजांचा आकडा नव्हे, पट्टी पाहा

घरात मुलाला किंवा मुलीला वाजवायला शिकवायचे म्हटले की हल्ली पेटीऐवजी की-बोर्डची मागणी होते. दुकानात गेले की खोक्यावरचे आकडे डोळ्यांसमोर येतात. इतके शे आवाज, इतके ताल, इतकी तयार गाणी. ज्या खोक्यावर आकडा मोठा तो माल सरस, असे गिऱ्हाईक समजते आणि पुष्कळदा दुकानदारही तसेच समजावतो. पुढे वर्षभराने शिक्षक सांगतात की, या बोर्डावर आता पुढचे शिकता येणार नाही. तोवर मेहनतीचे आठ-नऊ हजार रुपये गुंतलेले असतात. असे होऊ नये म्हणून खरेदीपूर्वी काय तपासावे, याची माहिती येथे देत आहोत.

बोटाचा जोर कळला पाहिजे

इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पियानो बनवला. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्ड वाद्यात तार छेडली जाई. बोट हळू ठेवा की जोराने, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी पडेल अशी रचना केली आणि बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होऊ लागला. 'पियानोफोर्टे' या नावाचा अर्थच 'हळू आणि मोठ्याने' असा आहे.

विजेच्या बोर्डात हातोडी नसते. पट्टी किती वेगाने खाली गेली हे आतील यंत्रणा मोजते आणि त्यानुसार आवाज देते. याला 'टच रिस्पॉन्स' किंवा 'टच सेन्सिटिव्ह' म्हणतात. स्वस्त बोर्डात ही सोय नसते. अशा बोर्डावर शिकलेल्या मुलाच्या बोटांना हळू-जोराची सवयच लागत नाही.

कॅसिओ कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० या दोन बोर्डांचेच उदाहरण घ्या. दोन्हींत ६१ पट्ट्या, ४०० आवाज आणि ७७ ताल. दिसायलाही भाऊ-भाऊ. पण बोटाचा जोर ओळखण्याची सोय फक्त ३०० मध्ये आहे. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ आणि पीएसआर-ई३७३ यांच्यातही हाच फरक आहे. किमतीतील थोडा फरक वाचवायला गेलो तर जी वस्तू घ्यायची तीच हातून सुटते.

आधी ठरवा, वाजवायचे काय?

पेटीवर आवाजाचा चढउतार भात्याने होतो, बोटाच्या जोराने नव्हे. म्हणून केवळ गाण्याच्या साथीला सूर धरायचा, गाणी बसवायची, एवढाच हेतू असेल तर साधा ६१ पट्ट्यांचा बोर्डही चालतो. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तके. पेटीला बहुधा तीन ते साडेतीन असतात. येथे 'ट्रान्सपोज'चे बटण मात्र पाहावे. त्यामुळे गाणारा काळी एकमधून गावो की पांढरी चारमधून, बोटे त्याच पट्ट्यांवर ठेवून वाजवता येते. पेटी, तबला, तानपुरा असे आवाज हवे असल्यास कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन किंवा यामाहाचा पीएसआर-आय५०० यांसारखे भारतासाठी बनवलेले बोर्ड पाहावेत.

पाश्चात्त्य पद्धतीने शिकायचे असेल, पण पुढे किती शिकणार याची खात्री नसेल, तर ६१ पट्ट्यांचा टच असलेला बोर्ड घ्यावा. साधारण दहा ते पंधरा-सोळा हजारांत तो मिळतो. बहुतेक घरांना हाच पुरतो.

खरा पियानोच शिकायचा, परीक्षा द्यायच्या, असे पक्के असेल तर ८८ पट्ट्यांचा वजनदार पट्टीचा डिजिटल पियानो लागतो. यामाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११०, रोलंड एफपी-१० हे या वर्गातील सुरुवातीचे नमुने. यांत खालच्या सुरांच्या पट्ट्या जड आणि वरच्या हलक्या असतात, खऱ्या पियानोसारख्या. किंमत चाळीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. लांबी सुमारे सव्वा मीटरपेक्षा जास्त असते. म्हणून घरातील जागा आधी मोजून घ्यावी. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. मुलाला कोणत्या विषयाला बसवणार, हे शिक्षकांना विचारूनच पैसे मोजावेत.

दुकानात करावयाची तपासणी

१. पियानोचा आवाज लावा. एकच पट्टी आधी हळू, मग जोराने दाबा. आवाजात फरक पडला नाही तर टच बंद आहे की मुळातच नाही, ते विचारा.

२. टेप सोबत न्या. एका 'सा'च्या डाव्या कडेपासून पुढच्या 'सा'च्या डाव्या कडेपर्यंत सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरले पाहिजे. बरेच कमी भरले तर पट्ट्या लहान आहेत. तो मुलांचा खेळ समजावा.

३. 'पॉलिफनी'चा आकडा विचारा. एका वेळी किती सूर वाजू शकतात, ते यावरून कळते. शिकाऱ्याला ३२ चालतात, पण पेडल दाबून वाजवू लागल्यावर आधीचे सूर तुटतात. ४८ किंवा ६४ असलेले बरे.

४. पेडल आणि हेडफोन लावण्याची जागा आहे का, ते पाहा. लहान घरात रात्री सराव करायचा तर हेडफोनशिवाय शेजाऱ्यांचा निभाव लागत नाही.

५. अॅडॉप्टर, स्टँड आणि पेडल किमतीत धरले आहेत का, हे बिल होण्यापूर्वी स्पष्ट करून घ्या.

अॅडॉप्टरबाबत सावध राहावे. यामाहाच्या अशा बोर्डांना १२ व्होल्टचा, तर कॅसिओच्या सीटी-एस मालिकेला ९.५ व्होल्टचा लागतो. पिन बसते म्हणून दुसऱ्याचा लावू नये. आखातातून किंवा अन्य देशातून कोणी बोर्ड आणणार असेल तर अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले पाहावे आणि वॉरंटी येथे चालेल का, हे आधीच विचारावे.

जुना माल घेताना

जुना बोर्ड घेण्यात कमीपणा नाही. चांगल्या टच बोर्डाची जुनी प्रत ही नव्या साध्या बोर्डापेक्षा कधीही बरी. पण डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी एकाच जोराने वाजवून पाहावी. एखादी मुकी असेल किंवा एकदम मोठ्याने ओरडत असेल तर पट्टीखालच्या रबरी पट्टीत धूळ किंवा दमट हवेचा परिणाम झालेला असतो. बरेचदा ती साफ केल्यावर चालते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बोर्डावर कापड टाकावे आणि अधूनमधून वाजवत राहावे.

दुकानदार बंधूंसाठी

हा माल ठेवणाऱ्यांनी साधा आणि टचवाला असे दोन बोर्ड खोक्याबाहेर काढून शेजारी-शेजारी मांडावेत आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या बोटाने फरक कळू द्यावा. पेडल, स्टँड आणि योग्य अॅडॉप्टर सोबत ठेवावेत. ज्याला साधा बोर्ड पुरतो त्याला महागडा गळ्यात मारू नये, आणि ज्याचे मूल पियानो शिकणार आहे त्याला साधा बोर्ड देऊन मोकळे होऊ नये. पहिला बोर्ड योग्य मिळाला तर दुसरा घ्यायला ते घर त्याच दुकानात येते.

कापड असो, लाकूड असो की चामडे, आपले कारागीर माल हातात घेऊनच पारखतात. की-बोर्डाचीही पारख तशीच करावी. चारशे आवाजांपैकी घरात रोज दोन-चारच वाजतील. पट्टीवर मात्र मुलाची बोटे रोज पडणार आहेत.