बंद घरातील शेगडीला हवा कोठून?

पाणी तापवण्याच्या बंबाची जाळी राखेने तुंबली की विस्तव धुमसू लागतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. लाकडाबरोबर हवाही जळते. एक किलो सुक्या लाकडाला व्यवहारात आठ-दहा घनमीटर हवा लागते.

आता थंड देशांतील घर घ्या. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धतीची पहिली घरे उभी राहिली. ऊब राखण्यासाठी त्यांच्या साऱ्या फटी बुजवलेल्या असतात. ५० पास्कल दाबाखाली तपासताना तासाभरात घरातील हवेच्या ०.६ पटीहून अधिक गळती चालत नाही. श्वासाला लागणारी हवा पंखे आतबाहेर करतात. अशा घरात कुणी हौसेने लाकडाची शेगडी मांडली, म्हणजे खरी पंचाईत होते.

धुराड्यातील हवा तापून हलकी होते, वर जाते, आणि त्या ओढीने धूर बाहेर पडतो. पण ही ओढ मोठी नाजूक. जेमतेम दहा-बारा पास्कलांची, आणि धुराडे गार असताना त्याहूनही कमी. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा तासाला तीन-चारशे घनमीटर हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा आत यायला वाट नसेल तर घरातला दाब उतरतो, आणि धुराडे उलटे वाहू लागते. धूर निदान डोळ्यांना झोंबतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस उठतच नाही. (बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर हा याच वैऱ्याचा भाऊ.)

खिडकी किलकिली ठेवा, असे कुणी सांगेल. आम्हांला ते पटत नाही. कडाक्याच्या थंडीत माणूस खिडकी लावणारच. खरा उपाय शेगडीला स्वतंत्र नळी देण्याचा: बाहेरची हवा थेट जळणाच्या पेटीत, आणि पेटीचे दार घट्ट. शेगडी विझल्यावर नळी झडपेने बंद करता यावी, आणि नळीला उबेचे वेष्टण हवे, नाहीतर तिच्यावर दव साचते. तरीही जळण घालताना दार उघडावेच लागते. म्हणून दाबावर पहारा ठेवणारे यंत्र बसवतात. घरातला दाब बाहेरच्यापेक्षा चार पास्कलांहून अधिक उतरू लागला की ते पंखाच बंद करते.

जर्मनीत आणखी एक पहारेकरी आहे: धुराडी साफ करणारा कारागीर. नवी शेगडी त्या भागाच्या अधिकृत धुराडेवाल्याने तपासून दाखला दिल्याशिवाय पेटवता येत नाही. काजळी खरवडणाऱ्या माणसाच्या सहीवाचून घरमालकाचे चालत नाही, ही गोष्ट आम्हांला त्या यंत्राहूनही अधिक आवडली.