जीवाच्या वर्णमालेतील नवे अक्षर

सजीवांची सारी प्रथिने मुख्यतः वीसच अमिनो आम्लांतून घडतात. जीवाची ही जणू वीस अक्षरी वर्णमालाच होय. तिचे ६४ संकेत उलगडण्याच्या कार्यासाठी १९६८ च्या नोबेल पारितोषिकात हरगोविंद खोराना यांना वाटा मिळाला. त्यांतील तीन संकेतांचा अर्थ केवळ 'थांबा' असा आहे.

२००१ साली अमेरिकेत पीटर शुल्त्झ यांच्या गटाने अशाच एका संकेताला नवा अर्थ दिला आणि ई. कोलाय हा जीवाणू निसर्गाच्या यादीत नसलेले आम्ल आपल्या प्रथिनात गुंफू लागला. २०१९ मध्ये केंब्रिज येथे जेसन चिन यांच्या गटाने या जीवाणूची सारी जनुकीय संहिता नव्याने रचून ६१ संकेतांवरच त्याचे भागवले. मोकळ्या झालेल्या संकेतांचे वाचक रेणूही २०२१ मध्ये काढून टाकताच, प्रयोगातील विषाणूंची त्याला बाधा होईनाशी झाली.

औषधनिर्मितीला हे वरदानच ठरेल. परंतु ज्याचे नैसर्गिक शत्रू घटले, तो जीव प्रयोगशाळेबाहेर निसटला तर काय? याचे उत्तरही त्याच विद्येने दिले आहे. कृत्रिम आम्ल मिळाले नाही तर जगूच न शकणारे जीवाणू २०१५ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी घडवले. हा लगाम संशोधकांच्या मर्जीवर सोडणे इष्ट नव्हे. परवाना देतानाच तो सक्तीचा असला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणणे येथे परवडणारे नाही.