कोलेस्टेरॉलची तपासणी : कोणाची होते, कोणाची राहून जाते?

नाशिक - सकाळी गंगापूर रोडवरील रक्ततपासणी केंद्रांच्या बाकांवर उपाशीपोटी आलेली मंडळी आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसलेली असतात. कोणाला कंपनीने वार्षिक तपासणीसाठी पाठवलेले असते, कोणाला विमा पॉलिसीसाठी अहवाल हवा असतो, तर कोणाला मधुमेहामुळे डॉक्टरांनी चाचणी लिहून दिलेली असते. त्याच वेळी याच रस्त्याने घरकामाला निघालेल्या महिला, बांधकामावरील मजूर, रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक आणि रिक्षाचालक जात असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना या बाकापर्यंत पाठवणारे कोणीच नसते.

हा फरक किरकोळ नाही. कोलेस्टेरॉल वाढल्याचे कोणतेही लक्षण सहसा अंगावर दिसत नाही. रक्तातील एलडीएल हा घटक वाढला, की तो वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साचत राहतो. पहिली सूचना मिळते ती अनेकदा थेट हृदयविकाराच्या झटक्यानेच. म्हणूनच चाचणी न झालेली व्यक्ती निरोगी आहे, असे मानता येत नाही.

पाहणी काय सांगते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत २००८ ते २०२० या काळात १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातील चरबीचा किमान एक घटक बिघडलेला होता, तर २४ टक्के लोकांचे एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले होते. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर, साधारण ५३व्या वर्षी येतो, असे ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून पुढे आले होते.

अमेरिकेत नागरिकांना दूरध्वनीवरून विचारून तपासणीचे प्रमाण नोंदवले जाते. मागील पाच वर्षांत कोलेस्टेरॉल तपासून घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण तेथे २००५ मध्ये सुमारे ७३ टक्के होते, ते २००९ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले. मात्र तरुण, कमी शिकलेले आणि हिस्पॅनिक वंशाचे नागरिक मागेच राहिल्याचेही त्यातून दिसले. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजली गेली, कोलेस्टेरॉल नाही. २०१७ पासून तीस वर्षांवरील नागरिकांसाठी सुरू झालेल्या सरकारी तपासणी मोहिमेतही मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तीन प्रकारचे कर्करोग आहेत. कोलेस्टेरॉल त्या यादीत नाही.

पाठवणारा असेल तरच

परिणामी ही चाचणी कोणाची व्हायची, हे धोक्यावरून नव्हे, तर नोकरी आणि उत्पन्नावरून ठरते. मोठ्या कंपनीतील कायम कर्मचाऱ्याची तपासणी कंपनी करवून घेते. जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक तपासणीच्या खर्चावर पाच हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते; पण ती प्राप्तिकर भरणाऱ्यालाच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च निघतो; मात्र ती वेळ येण्याआधीची साधी चाचणी रुग्णालयातील उपचारांसाठी असलेल्या या योजनेच्या कक्षेत येत नाही. सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांनी लिहून दिल्यास रक्ततपासणी मोफत होते. पण आजारी नसलेला माणूस रोजंदारी बुडवून तेथे जाणार कशाला?

ही दरी केवळ गरीब-श्रीमंतांमधीलच नाही. एकाच सुस्थितीतील घरात पतीच्या अहवालांची जाड फाइल असते आणि पत्नीचा एकही अहवाल नसतो, असेही घडते. बाळंतपणानंतर गृहिणीला तपासणीसाठी पाठवणारी यंत्रणाच उरत नाही. वास्तविक रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये एलडीएल वाढू लागते आणि हृदयविकाराचे तोवर मिळणारे नैसर्गिक संरक्षण कमी होते. दुसरा वगळला जाणारा गट तरुणांचा. ‘चाळिशीनंतर पाहू’ हा समज खोलवर रुजलेला आहे. सडपातळ असणे म्हणजे कोलेस्टेरॉल ठीक असणे, हाही तसाच गैरसमज. आनुवंशिक स्वरूपाचे उच्च कोलेस्टेरॉल सुमारे अडीचशे व्यक्तींमागे एकाला असते आणि ते जन्मापासूनच असते.

उपाशीपोटीची अट गेली

या संदर्भात कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेली मार्गदर्शक तत्त्वे महत्त्वाची ठरतात. त्यांनुसार पहिली चाचणी वयाच्या अठराव्या वर्षीच व्हावी. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असल्यास त्याहूनही आधी. सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १००च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांचे ७०च्या खाली, तर अतिजोखमीच्या रुग्णांचे ५५ मिलिग्रॅमच्या खाली असावे. तसेच प्राथमिक तपासणीसाठी उपाशी राहणे आवश्यक नाही. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले आढळले, तरच उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावे लागते.

ही शेवटची सवलत वाटते त्यापेक्षा मोठी आहे. उपाशीपोटीच्या अटीमुळे चाचणी सकाळीच करावी लागे, आणि नेमकी तीच वेळ कामगाराच्या कामाची, घरकाम करणाऱ्या महिलेच्या धावपळीची आणि गृहिणीच्या डब्यांची. आता दुपारी किंवा संध्याकाळी, जेवणानंतरही रक्त देता येते. सोसायटीने रविवारी संध्याकाळी शिबिर घेतले, तर त्यात रहिवाशांबरोबर तेथील सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या महिलाही सामावू शकतात. आणि घरात पुढच्या वेळी कोणाची वार्षिक तपासणी ठरेल, तेव्हा त्याच फेरीत घरातल्या गृहिणीचेही रक्त तपासून घेता येईल.