अफवा आणि सदसद्विवेक

समाजमाध्यमांचा विचार करताना मनःस्वास्थ्याची चर्चा पुष्कळ होते. सदसद्विवेकावर होणाऱ्या परिणामाची कमी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे तो भीषण रूपात दिसला. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. त्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. भिक्षा मागून ते उदरनिर्वाह करीत असत.

अशी अफवा पसरविणाऱ्या अनेकांच्या मनात द्वेष नसतो, मुलांची काळजी असते. संदेश ओळखीच्या माणसाकडून आल्याने खरा वाटतो. प्रत्येक जण तो नुसता पुढे धाडतो, त्यामुळे परिणामाची जबाबदारी कोणालाच आपली वाटत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. तिने अफवेचा वेग घटतो. शहानिशा माणसालाच करावी लागते.

पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या सिडकोच्या नव्या वसाहतींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ठिकठिकाणांहून आलेल्या कुटुंबांचा परिचय तेथे सोसायटीच्या ग्रुपवरच होण्याचा संभव अधिक. फेरीवाला किंवा घरकाम करणारी बाई त्या ग्रुपमध्ये नसते. तिच्याविषयी संशय व्यक्त झाला, तर खुलासा करण्याची संधीही तिला मिळत नाही. काम मात्र जाऊ शकते. म्हणून संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तिला प्रत्यक्ष विचारणे, हाच साधा शेजारधर्म होय.